दाता ‘ए’, रुग्ण ‘ओ’: मूळपेशी प्रत्यारोपणात रक्तगट जुळत नसेल तेव्हा काय करावे

एचएलए, म्हणजे पेशींवरील ज्या खुणांवरून दाता जुळतो की नाही ते ठरते, त्यांच्या तपासणीचा अहवाल येतो, धाकट्या बहिणीचे दहापैकी दहा जुळल्याचे त्यावर लिहिलेले असते, आणि कित्येक दिवसांनी घरातले सगळे एकत्र बसून नीट जेवतात. मग कुणाचे तरी लक्ष त्याच कागदाच्या तळाशी जाते: रुग्णाचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह, दात्याचा ए पॉझिटिव्ह. दुसऱ्या दिवशी सकाळी रक्तपेढीच्या खिडकीपाशी येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो. रक्तगटच जुळत नाही, मग बाकी सगळे जुळून काय उपयोग?

त्या खिडकीच्या आतल्या बाजूला बरीच वर्षे बसल्यावर हा लेख लिहावासा वाटला. रक्तगटातील या फरकामुळे चांगला दाता सहसा हातचा जात नाही, परंतु प्रत्यारोपणाच्या आधीचा महिना, प्रत्यक्ष दिवस, त्यानंतरचा दुसरा आठवडा आणि पुढचे काही महिने या प्रत्येक टप्प्यावर काहीतरी वेगळे करावे लागते, आणि ते नातेवाइकांना आधीच ठाऊक असेल तर धावपळ निम्म्याने कमी होते. स्वतःच्याच मूळपेशी, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशी, साठवून परत दिल्या जाणार असतील, तर हा प्रश्न उद्भवतच नाही. पुढचे सारे दुसऱ्याकडून मूळपेशी घेणाऱ्यांसाठी आहे. औषधांचे निर्णय अर्थातच उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे असतात, आणि केंद्रागणिक पद्धतीही थोड्याफार बदलतात.

पहिली पायरी: रक्तगट वेगळा असूनही प्रत्यारोपण कसे चालते, हे समजून घ्या

एचएलए ठरवणारी जनुके सहाव्या गुणसूत्रावर असतात आणि ए-बी-ओ रक्तगट ठरवणारे जनुक नवव्या गुणसूत्रावर असते. दोन्ही वारसे आईवडिलांकडून वेगवेगळ्या वाटेने येत असल्यामुळे सख्ख्या भावंडांचे एचएलए तंतोतंत जुळूनही रक्तगट वेगळा निघू शकतो, आणि दोघांचा रक्तगट एक असूनही एचएलएचा काही मेळ नसू शकतो. सख्ख्या भावंडाचे एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. दुसऱ्याच्या मूळपेशी वापरून होणाऱ्या प्रत्यारोपणांपैकी साधारण ४० ते ५० टक्क्यांमध्ये रक्तगट जुळत नाही. म्हणजे आपल्यावर काही जगावेगळे संकट आलेले नाही.

मूत्रपिंडाच्या बाबतीत रक्तगटाला इतके महत्त्व का, असा पुढचा प्रश्न येतो. मूत्रपिंडातील रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर ए आणि बी हे प्रतिजन, म्हणजे रक्तगट ठरवणाऱ्या खुणा, असतात, त्यामुळे रुग्णाच्या रक्तातील प्रतिद्रव्ये (अँटीबॉडी) थेट त्या अवयवावर तुटून पडू शकतात. रक्त तयार करणाऱ्या अगदी मूळच्या पेशींवर हे प्रतिजन जवळपास नसतातच. ते नंतर, त्या पेशींपासून तांबड्या पेशी घडत जाताना उमटतात. त्यामुळे मूळपेशी अस्थिमज्जेत रुजण्याला रक्तगट आडवा येत नाही. अडचण होते ती त्यांच्यासोबत पिशवीतून आलेल्या तांबड्या पेशींची, प्लाझ्माची म्हणजे रक्तातील द्रवाची आणि लिंफोसाइट या पांढऱ्या पेशींची, आणि पुढे नव्याने जन्माला येणाऱ्या तांबड्या पेशींची.

भावंडाच्या अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणाच्या अगदी सुरुवातीच्या यशातही हा फरक होताच. १९६८ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या, काही महिन्यांच्या एका मुलाला त्याच्या बहिणीची अस्थिमज्जा देण्यात आली. मुलाचा गट ए आणि बहिणीचा ओ होता, आणि पुढे त्या मुलाचा गट ओ झाला.

दुसरी पायरी: आपली विसंगती कोणत्या प्रकारची आहे ते ओळखा

कार्ल लँडस्टायनर यांनी व्हिएन्नात १९०१ साली मांडलेला नियम इथे पुरेसा आहे: ज्याच्या तांबड्या पेशींवर जो प्रतिजन नाही, त्याच्याविरुद्धचे प्रतिद्रव्य त्याच्या प्लाझ्मात आपोआप असते. ओ गटाच्या माणसाकडे ए आणि बी या दोहोंविरुद्ध प्रतिद्रव्ये असतात, ए गटाच्या माणसाकडे बीविरुद्ध, बी गटाच्या माणसाकडे एविरुद्ध, आणि एबी गटाच्या माणसाकडे दोहोंपैकी कोणतेही नसते.

आता स्वतःला दोनच प्रश्न विचारा. रुग्णाच्या प्लाझ्मात दात्याच्या तांबड्या पेशींविरुद्ध प्रतिद्रव्य आहे का? असेल तर ती मेजर विसंगती. रुग्ण ओ आणि दाता ए, बी किंवा एबी, अथवा रुग्ण ए किंवा बी आणि दाता एबी, या जोड्या त्यात येतात. दात्याच्या प्लाझ्मात रुग्णाच्या तांबड्या पेशींविरुद्ध प्रतिद्रव्य आहे का? असेल तर ती मायनर विसंगती. म्हणजे रुग्ण ए, बी किंवा एबी आणि दाता ओ, अथवा रुग्ण एबी आणि दाता ए किंवा बी. दोन्ही उत्तरे होकारार्थी आली, म्हणजे एक ए आणि दुसरा बी असला, तर तिला बायडायरेक्शनल, अर्थात दुहेरी विसंगती म्हणतात. वॉर्डातही हेच इंग्रजी शब्द कानावर पडतील, म्हणून ते ओळखीचे करून घ्यावेत.

यातील ‘मायनर’ या शब्दाने फसू नये. तो विसंगतीची दिशा सांगतो, तिचा धोका सांगत नाही. मायनर विसंगतीतील रक्तक्षय काही वेळा एका रात्रीत जीवावर बेततो, तर मेजर विसंगतीचा त्रास पुष्कळदा संथ आणि कंटाळवाणा असतो.

आरएच घटकाचे थोडे निराळे आहे. आरएच निगेटिव्ह व्यक्तीच्या शरीरात त्याविरुद्धचे प्रतिद्रव्य उपजत नसते. पूर्वी पॉझिटिव्ह रक्त मिळाले असेल किंवा गरोदरपणात पॉझिटिव्ह बाळाच्या रक्ताशी संपर्क आला असेल, तरच ते तयार होते. त्यामुळे रुग्ण किंवा दाता निगेटिव्ह असल्यास हा पूर्वेतिहास डॉक्टरांना आठवणीने सांगावा.

तिसरी पायरी: दुसरा दाता शोधण्यापूर्वी थांबा

दाता निवडताना एचएलएचा क्रमांक पहिला असतो. अर्धवट जुळणाऱ्या, म्हणजे हॅप्लो दात्याच्या बाबतीत रुग्णाकडे त्या दात्याच्या एचएलएविरुद्ध प्रतिद्रव्ये आहेत का, हेही पाहतात. नंतर दात्याचे वय, सीएमव्ही या विषाणूचा पूर्वसंसर्ग, दाती स्त्री असल्यास तिची बाळंतपणे, आणि या सगळ्यांच्या मागून रक्तगट. दोन दाते इतर सर्व बाबतींत सारखे असतील, तर डॉक्टर रक्तगट जुळणाऱ्याला पसंती देतील, आणि ते योग्यच आहे. परंतु तरुण, पूर्ण जुळणारा भाऊ केवळ बी गटाचा आहे म्हणून त्याला बाजूला सारून नोंदणीसंस्थेतील अनोळखी दात्याची महिनोन्महिने वाट पाहण्यात शहाणपण नाही, विशेषतः ल्युकेमिया आटोक्यात आलेला आहे आणि तो कधी उलटेल हे सांगता येत नाही अशा काळात.

जगण्याच्या प्रमाणावर या विसंगतीचा काय परिणाम होतो, याची उत्तरे सगळी एका सुरात येत नाहीत. १९९० ते १९९८ या काळात एचएलए जुळणाऱ्या भावंडांकडून अस्थिमज्जा मिळालेल्या, ल्युकेमियाच्या सुरुवातीच्या टप्प्यातील ३,१०३ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा रक्तगट जुळलेल्या आणि न जुळलेल्या गटांच्या जगण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. दुहेरी विसंगती असलेल्यांमध्ये मात्र तीव्र स्वरूपाचा जीव्हीएचडी, म्हणजे दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर केलेला हल्ला, अधिक दिसला. नात्याबाहेरच्या दात्यांच्या काही अभ्यासांत जगण्याचे प्रमाण किंचित कमी दिसले, काहींत दिसले नाही. आजार कोणता, केमोची मात्रा किती, पेशी अस्थिमज्जेतून घेतल्या की रक्तातून, यानुसार निष्कर्ष हलतात. माझ्या मते कुटुंबाने या आकड्यांमध्ये झोप घालवण्यापेक्षा पुढच्या पायऱ्यांकडे लक्ष द्यावे. कारण बाकीचा परिणाम, म्हणजे रक्ताची वाढीव गरज, लांबलेला मुक्काम, रक्तक्षय, हा निश्चित असतो आणि त्यावर उपायही असतात.

चौथी पायरी: प्रत्यारोपणाआधीच्या तपासण्या

रुग्ण आणि दाता या दोघांचाही रक्तगट दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या नमुन्यांवर तपासला जातो. जुन्या कार्डावरचा किंवा वाहनचालक परवान्यावरचा गट इथे चालत नाही, आणि त्याबद्दल कुणी वाईट वाटून घेऊ नये.

मग येतो टायटर. प्रतिद्रव्य आहे हे माहीत असते. ते किती जोरकस आहे, हे टायटर सांगतो. तंत्रज्ञ नळ्यांची एक रांग मांडतात, पहिल्या नळीत प्लाझ्मा आणि सलाईन समसमान घेतात, त्यातला अर्धा भाग पुढच्या नळीतल्या तेवढ्याच सलाईनमध्ये मिसळतात, आणि असे करत दर नळीला प्लाझ्मा निम्मा पातळ करत नेतात. प्रत्येक नळीत दात्याच्या गटाच्या तांबड्या पेशी घालून फिरवल्यावर ज्या शेवटच्या नळीत पेशींच्या गुठळ्या दिसतात, तिचे प्रमाण म्हणजे टायटर. अहवालावर १:१६ असेल तर प्रतिद्रव्य सौम्य समजतात. १:२५६ किंवा त्याहून पुढे असेल तर डॉक्टरांच्या कपाळावर आठी दिसेल. कोणत्या आकड्याला उपाय करायचा, याची रेषा प्रत्येक केंद्राची वेगळी असते, आणि दोन प्रयोगशाळांचे आकडेही तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून शक्यतो एकाच प्रयोगशाळेत टायटर करवून घ्यावा, आणि आधीचे अहवाल तारखेनुसार लावून ठेवावेत. मेजर विसंगतीत रुग्णाचा टायटर महत्त्वाचा, मायनरमध्ये दात्याचा, दुहेरीत दोघांचाही.

याच वेळी अँटीबॉडी स्क्रीन ही तपासणीही होते. थॅलेसेमिया असलेल्या मुलांना वर्षानुवर्षे दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढलेले असते, आणि नंदुरबार किंवा गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांतून सिकलसेलचे जे रुग्ण येतात, त्यांच्यापैकी अनेकांनीही भरपूर रक्त घेतलेले असते. अशांच्या शरीरात केल, किड यांसारख्या इतर रक्तगटांविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार झालेली असू शकतात, आणि तेव्हा ए-बी-ओ जुळूनही विसंगती उरते. आधीच्या रुग्णालयात ‘क्रॉसमॅच जुळत नाही, रक्त मिळायला वेळ लागेल’ असे कधी सांगितले गेले असेल, तर तो कागद शोधून आणा. तो फार मोलाचा असतो.

एक दुर्मीळ गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण ती मुंबईची आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगटाची नोंद प्रसिद्ध केली. नेहमीच्या तपासणीत हे लोक ओ गटाचे भासतात. परंतु त्यांच्या पेशींवर ए आणि बी ज्यावर उभे राहतात तो एच प्रतिजनच नसतो, आणि त्यांच्या प्लाझ्मात एचविरुद्धचे जोरदार प्रतिद्रव्य असते. त्यांना ओ गटाचे रक्तसुद्धा चालत नाही. भारतात साधारण दहा हजारांत एखादी व्यक्ती या गटाची असते असे मानले जाते. असा रुग्ण प्रत्यारोपणाला आला, तर बॉम्बे गटाचे भावंड सोडून जवळपास प्रत्येक दाता त्याच्यासाठी मेजर विसंगतीचा ठरतो, आणि त्याला लागणाऱ्या तांबड्या पेशी केवळ बॉम्बे गटाच्या दात्यांकडूनच मिळवाव्या लागतात. ओ गटाच्या रुग्णाची उलट बाजूने केलेली, म्हणजे प्लाझ्मातील प्रतिद्रव्यांची, तपासणी पूर्ण झालेली आहे ना, एवढे विचारून घेणे म्हणूनच वावगे नाही.

पाचवी पायरी: रक्तदात्यांची यादी योग्य गटाची करा

नातेवाईक सर्वांत जास्त इथेच चुकतात, म्हणून थोडे सविस्तर.

प्रत्यारोपणाची तारीख ठरली की मित्रमंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर संदेश जातो: ‘ओ पॉझिटिव्ह प्लेटलेट दाते हवेत.’ रुग्ण ओ गटाचा, म्हणून सगळे ओ गटाचे तरुण रांगेत उभे राहतात. आणि रक्तपेढी त्यांना परत पाठवते, कारण दाती बहीण ए गटाची आहे आणि आम्हाला ए गटाच्या प्लेटलेट हव्या आहेत. कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेला माणूस वैतागतो, त्याचे चुकत नाही.

कारण असे: रक्ताची पिशवी म्हणजे एकच पदार्थ नसतो. तांबड्या पेशी देताना त्या पेशी कुणाच्या प्रतिद्रव्यांच्या तावडीत सापडतील हे पाहायचे असते, तर प्लेटलेट आणि प्लाझ्मा देताना त्यातील द्रवातून कोणती प्रतिद्रव्ये शरीरात जातील हे पाहायचे असते. प्रत्यारोपणाच्या काळात रुग्णाच्या शरीरात दोन गटांचे रक्त एकत्र नांदत असते, त्यामुळे दोघांनाही चालेल असेच रक्त निवडावे लागते. मेजर विसंगतीत तांबड्या पेशी रुग्णाच्या गटाच्या देतात, आणि प्लेटलेट व प्लाझ्मा शक्यतो दात्याच्या गटाचे. वरच्या उदाहरणात तांबड्या पेशी ओ आणि प्लेटलेट ए. मायनर विसंगतीत नेमके उलट होते. रुग्ण ए आणि दाता ओ असेल, तर तांबड्या पेशी ओ आणि प्लेटलेट व प्लाझ्मा ए. दुहेरी विसंगतीत तांबड्या पेशी ओ गटाच्या आणि प्लाझ्मा एबी गटाचा लागतो, प्लेटलेटही शक्यतो एबीच्याच. एबी गटाचे लोक मुळात थोडे, त्यातून प्लेटलेट द्यायला येणारे त्याहून थोडे, म्हणून या कुटुंबांनी यादी सर्वांत आधी सुरू करावी.

हा नियम बहुतेक केंद्रांत प्रत्यारोपणाआधीची केमो, म्हणजे कंडिशनिंग, सुरू होते त्या दिवसापासून लागू होतो. संदेश पाठवण्याआधी रक्तपेढीत जाऊन तीन ओळी लिहून घ्याव्यात: तांबड्या पेशी कोणत्या गटाच्या, प्लेटलेट कोणत्या गटाच्या, प्लाझ्मा कोणत्या गटाचा. त्या कागदाचा फोटो संदेशासोबत जोडला, की अर्धे फोन वाचतात.

प्लेटलेट केवळ ५ दिवस टिकतात, त्यामुळे पंधरा दाते एकाच दिवशी आणून उपयोग नसतो. एक-दोन दिवसांच्या अंतराने बोलवावे लागते. यंत्रावर एका दात्याकडून प्लेटलेट काढायला एक ते दीड तास लागतो, त्याच्या हाताच्या शिरा ठळक असाव्या लागतात, आणि मागील तीन दिवसांत त्याने अ‍ॅस्पिरिन घेतलेली चालत नाही. फोनवरच हे विचारून घ्यावे.

आणखी दोन सूचना. प्रत्यारोपणाआधी सख्ख्या नातेवाइकांनी रुग्णाला थेट रक्त किंवा प्लेटलेट देऊ नयेत, मग मामा कितीही हट्टाला पेटले तरी. त्यामुळे रुग्णाच्या शरीरात दात्याच्या पेशींविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होण्याचा धोका असतो. आणि या रुग्णांना दिली जाणारी तांबड्या पेशींची व प्लेटलेटची प्रत्येक पिशवी पांढऱ्या पेशी गाळलेली आणि इर्रॅडिएट केलेली, म्हणजे साधारण २५ ग्रे इतक्या किरणांची मात्रा दिलेली असावी लागते. पिशवीवर तशी खूण असते. ती पाहण्याची सवय नातेवाइकांनीही लावून घेतली, तर परिचारिका मनातून दुवाच देतील.

सहावी पायरी: प्रत्यक्ष दिवस, म्हणजे ‘डे झिरो’

अस्थिमज्जा कमरेच्या हाडातून काढली असेल, तर दात्याच्या वजनाच्या दर किलोमागे २० मिलीपर्यंत, म्हणजे प्रौढ रुग्णासाठी एक लिटरच्या आसपास द्रव गोळा होतो आणि त्याचा पाव ते एक तृतीयांश भाग तांबड्या पेशींचा असतो. मेजर विसंगतीत हा सगळा भाग तसाच दिला, तर रुग्णाची प्रतिद्रव्ये त्या पेशी तिथल्या तिथे फोडू लागतात. थंडी वाजते, ताप चढतो, कंबर दुखते, लघवी गडद होते आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचू शकते. म्हणून प्रयोगशाळा आधी तांबड्या पेशी वेगळ्या काढते आणि उरलेले प्रमाण अगदी थोडे, बहुतेक ठिकाणी सुमारे २० मिलीच्या आत आणते. रुग्णाचा टायटर फार वर असेल, तर त्याचाच प्लाझ्मा बदलून तो आधी खाली आणण्याचा मार्गही काही केंद्रे घेतात. मायनर विसंगतीत तांबड्या पेशींना हात लावत नाहीत. पिशवी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा प्लाझ्मा काढून टाकतात. दुहेरीत दोन्ही करतात. प्रत्येक प्रक्रियेत थोड्या मूळपेशीही वाया जातात, त्यामुळे ‘अजून थोडे स्वच्छ करा’ असा आग्रह धरू नये.

आजकाल पुष्कळदा इंजेक्शने देऊन मूळपेशी रक्तात उतरवतात आणि यंत्राने गोळा करतात. त्या पिशवीत तांबड्या पेशी मुळातच थोड्या असतात, त्यामुळे मेजर विसंगतीत बहुधा वेगळे काही करावे लागत नाही. परंतु लिंफोसाइट भरपूर असतात, आणि त्याचा हिशेब पुढच्या पायरीत द्यावा लागतो.

पेशी देण्याचा प्रसंग बघणाऱ्याला निराश करणारा असतो. महिनाभर ज्याची तयारी केली, ती टोमॅटोच्या सारासारखी दिसणारी एक पिशवी स्टँडला टांगतात आणि ती थेंब थेंब उतरते, एवढेच. आधी सलाईन भरपूर चालवलेले असते, अ‍ॅलर्जीविरोधी इंजेक्शन दिलेले असते, आणि परिचारिका दर काही मिनिटांनी रक्तदाब, ताप, श्वास आणि ऑक्सिजन पाहतात. नातेवाइकाने करायचे काम एकच, पण महत्त्वाचे: पुढील २४ तासांतील प्रत्येक लघवी मोजण्याच्या भांड्यात धरून तिचा रंग दाखवावा. कोऱ्या चहाचा रंग दिसला तर लगेच सांगावे. पेशी गोठवून साठवलेल्या असतील, तर साठवणीतच फुटलेल्या तांबड्या पेशींमुळे लघवी काही काळ लालसर होऊ शकते आणि संरक्षक द्रवामुळे खोलीत लसणासारखा वास येतो. तो वास घाबरण्यासारखा नसतो, लालसरपणा मात्र तरीही दाखवावाच.

सातवी पायरी: दुसऱ्या आठवड्यावर डोळा ठेवा

मायनर आणि दुहेरी विसंगतीत साधारण पाचव्या ते पंधराव्या दिवसादरम्यान एक वेगळा प्रकार घडू शकतो. दात्याच्या पिशवीतून आलेले लिंफोसाइट नव्या घरात डोळे उघडतात, आजूबाजूला रुग्णाच्या ए किंवा बी गटाच्या तांबड्या पेशी पाहतात आणि त्यांच्याविरुद्ध नव्याने प्रतिद्रव्ये तयार करू लागतात. याला पॅसेंजर लिंफोसाइट सिंड्रोम म्हणतात, म्हणजे सोबत प्रवासी म्हणून आलेल्या लिंफोसाइटमुळे होणारा आजार. प्लाझ्मा काढून टाकल्याने हा टळत नाही, कारण प्रतिद्रव्ये पिशवीतून आलेली नसतात, ती इथे तयार होतात. रक्तातून गोळा केलेल्या पेशी, कमी मात्रेचे कंडिशनिंग, आणि जीव्हीएचडी टाळण्यासाठी मेथोट्रेक्सेटशिवाय केवळ सायक्लोस्पोरिन, अशा परिस्थितीत याचा धोका अधिक असतो.

हिमोग्लोबिन एका दिवसात दोन-तीन अंकांनी घसरते, डोळे पिवळसर दिसतात, लघवी गडद होते. तांबड्या पेशी फुटत आहेत का आणि त्यांवर प्रतिद्रव्ये चिकटली आहेत का हे पाहण्यासाठी डॉक्टर एलडीएच, बिलिरुबिन आणि कूम्ब्स चाचणी करतात. फुटत असतात त्या रुग्णाच्या जुन्या पेशी, म्हणून उपाय म्हणजे दात्याच्या गटाच्या, बहुधा ओ गटाच्या, तांबड्या पेशी त्वरेने देणे. जुन्या पेशी संपल्या की आग आपोआप विझते. पण त्या मधल्या दिवसांत ओ गटाच्या पिशव्या हाताशी असाव्या लागतात. म्हणून या आठवड्यात रोजचे हिमोग्लोबिन वहीत लिहून ठेवा, आणि यादीतल्या ओ गटाच्या मित्रांना गाव सोडू देऊ नका.

आठवी पायरी: तांबड्या पेशी उशिरा आल्या तर

मेजर विसंगतीतील रुग्णांच्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट वेळेवर वाढतात, डॉक्टर ‘एन्ग्राफ्ट झाले’, म्हणजे पेशी रुजल्या, म्हणून अभिनंदन करतात, पेढे वाटले जातात, आणि हिमोग्लोबिन मात्र सातच्या पुढे हलत नाही. दर आठ-दहा दिवसांनी पिशवी चढवावी लागते. केमोने जुनी अस्थिमज्जा रिकामी होते, तरी प्रतिद्रव्ये तयार करणाऱ्या रुग्णाच्या चिवट प्लाझ्मा पेशी बराच काळ तग धरून राहतात, आणि दात्याच्या मूळपेशींपासून तयार होऊ घातलेल्या तांबड्या पेशी बाल्यावस्थेतच मारल्या जातात. बहुतेकांमध्ये दोन-तीन महिन्यांत टायटर उतरतो आणि गाडी रुळावर येते. रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या तांबड्या पेशी, एक टक्क्याच्या वर गेल्याचे दिसले की हिमोग्लोबिनच्या आधी तीच आनंदाची बातमी असते.

साठ दिवस उलटूनही रेटिक्युलोसाइट एक टक्क्याखाली असतील, आणि अस्थिमज्जेच्या तपासणीत बाकी सारे ठीक पण तांबड्या पेशींचीच रांग रिकामी दिसली, तर त्याला प्युअर रेड सेल अप्लेशिया म्हणतात. ओ गटाचा रुग्ण आणि ए गटाचा दाता, म्हणजे आपण सुरुवातीला घेतलेलीच जोडी, यात अधिक आढळते. अनेकदा वाट पाहणे हाच उपाय असतो. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे डॉक्टर जपून कमी करतात, तांबड्या पेशींच्या निर्मितीला चालना देणारे एरिथ्रोपोएटिन देतात, आणि हटून बसलेल्या रुग्णांत रिटुक्सिमॅब, बोर्टेझोमिब किंवा डाराटुमुमॅब यांसारखी प्रतिद्रव्ये बनवणाऱ्या पेशींवर काम करणारी औषधे वापरतात. ही औषधे महाग असतात आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढवतात, म्हणून डॉक्टर ‘अजून महिनाभर थांबू’ म्हणाले, तर ते टाळाटाळ करत आहेत असे समजू नये.

या काळात चढणाऱ्या प्रत्येक पिशवीसोबत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते, आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नसते. पिशव्यांची संख्या तारखेसह लिहून ठेवावी आणि फेरिटिनची, म्हणजे साठलेल्या लोहाची, तपासणी कधी करायची हे विचारावे. बालपणापासून रक्त घेणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांच्या आईवडिलांना हे मी सांगण्याची गरज नाही; त्या वह्या त्यांच्याकडे माझ्यापेक्षा नीट असतात.

नववी पायरी: रक्तगट बदलला, आता कागदपत्रे

तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. त्यामुळे जुन्या गटाच्या पेशी हळूहळू विरत जातात आणि दात्याच्या गटाच्या पेशी त्यांची जागा घेतात. मधल्या काळात रक्तगट तपासला, तर जेल कार्डाच्या एकाच नळीत काही पेशी वर अडकून रेघ धरतात आणि उरलेल्या तळाशी जाऊन लाल बटणासारख्या बसतात. एकाच माणसाचे रक्त एकाच वेळी दोन उत्तरे देत असते. अहवालावर अशा वेळी गट लिहीत नाहीत, ‘मिक्स्ड फील्ड’ असे नोंदवतात. तो प्रयोगशाळेचा गोंधळ नव्हे.

बदल पूर्ण झाल्यावरही एक खूण मागे राहते. ए गटाच्या रुग्णाला ओ गटाच्या पेशी मिळाल्या, तर त्याच्या तांबड्या पेशी ओ दिसतात. पण प्लाझ्मात एविरुद्धचे प्रतिद्रव्य सहसा दिसत नाही, कारण त्याच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर आणि इतर ऊतींवर ए तसाच असतो. नवख्या प्रयोगशाळेला हे कोडे वाटते. प्रत्यारोपणानंतर वर्षभराने अपघात झालेल्या एका तरुणासाठी एका छोट्या रुग्णालयाने जुन्या फाइलीवरून बी गटाच्या रक्ताची मागणी आमच्याकडे पाठवली होती. नमुन्यात ओ दिसला. नमुना दुसऱ्याच कुणाचा तर नाही ना, या शंकेत अर्धा तास गेला. मग त्याच्या वडिलांनी फोनवर ‘बीएमटी’, म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण, हा शब्द उच्चारला आणि सगळा उलगडा झाला.

म्हणून गट कायमचा बदलला आहे, असे केंद्राकडून लेखी घ्यावे. रुग्णाच्या शरीरात दात्याविरुद्धची प्रतिद्रव्ये उरलेली नाहीत, कूम्ब्स चाचणी निगेटिव्ह आहे आणि जुन्या गटाच्या पेशी दिसत नाहीत, हे पाहूनच ते दिले जाते. तोपर्यंत पाचव्या पायरीतला तीन ओळींचा कागदच चालू ठेवायचा. लेखी मिळाल्यावर एक छोटे कार्ड करून पाकिटात ठेवावे: मूळ गट, दात्याचा गट, प्रत्यारोपणाची तारीख, इर्रॅडिएट केलेले रक्तच द्यावे ही सूचना, आणि केंद्राचा फोन क्रमांक. शाळेच्या किंवा कचेरीच्या ओळखपत्रावरचा जुना गट बदलून घ्यावा.

शेवटी एक प्रश्न तरुण रुग्ण सगळे निघून गेल्यावर, जरा हळू आवाजात विचारतात: पुढे मुले झाली, तर त्यांचा रक्तगट कोणाचा येईल? बदल फक्त रक्त तयार करणाऱ्या पेशींपुरता असतो. मुलांकडे जाणारे जनुक रुग्णाचे स्वतःचे, मूळचेच असते. त्यामुळे कार्डावर ओ लिहिलेल्या वडिलांचे मूल एबी गटाचे निघाले, तर जुना गट आठवून पाहावा आणि प्रसूतिगृहातल्या डॉक्टरांना ते कार्ड दाखवावे.